विमानाच्या पोटाचा रंग

राकोव्हनीक, ४ मार्च

श्री. रादिम पेशेक यांस,

पत्राची शेवटची ओळ आधी वाचायची ही तुमची जुनी खोड. म्हणून काम काय आहे ते वरच लिहितो. विमानांच्या रंगांवरच्या तुमच्या पुस्तिकेतलं एक वाक्य काढून टाका. बाकी मला तुमच्याकडून काही नको.

कुठलं वाक्य ते तुम्हाला माहीत आहे. मला ते हेद्विकाने सांगितलं आणि हेद्विकाला तुमच्या ब्लाझेनाने. आपण दोघं आठ वर्षं बोलत नाही म्हणून आपल्या बायकांनी बोलणं टाकलेलं नाही. रविवारचं जेवण झालं की फोन सुरू होतो, आणि त्या दोघी आपलं भांडण लोणच्यासारखं चवीने खातात. तर त्यांच्याकडून कळलं की पुस्तिका नाताळाआधी छापायला जाणार. युद्धाच्या शेवटच्या वर्षातल्या जर्मन विमानांच्या पोटाच्या रंगावर जे पान आहे, त्याच्या तळाशी तुम्ही लिहिलंय, ‘याच पत्र्याचा दुसरा भाग म्हणून ओत्मार व्रबा जो तुकडा दाखवतात, तो मूळ पत्र्याचाच आहे याची खात्री देता येत नाही.’

याचा अर्थ लबाड असा होतो. शब्द सभ्य आहेत, पण छोटी विमानं बनवणाऱ्या प्रत्येकाला तो अर्थ बरोबर कळेल. मी उभा जन्म औषधाच्या दुकानात काढला. लोक माझ्या हातची पुडी न विचारता तोंडात टाकायचे. आता सत्तरीत, दोन्ही गुडघे गेलेले असताना, छापील लबाड व्हायची माझी तयारी नाही.

जे घडलं ते मला जसं आठवतं तसं लिहितो. चुकलं तिथे लाल शाईने खूण करा. मास्तर होतात, हात वळेल.

झाटेत्सजवळच्या त्या गावात, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या मळ्यांना लागून श्कोपकोवा आजीचं घर होतं. तिच्या सशांच्या खुराड्याला विमानाचा पत्रा दार म्हणून लावलाय, असं बिअर पिताना कोणीतरी आपल्याला सांगितलं. युद्ध संपलं तेव्हा तिथल्या धावपट्टीवर जर्मन विमानं तशीच पडून होती, आणि मुंग्यांनी साखर न्यावी तशी ती गावाने घरोघर नेली होती. आपण तेव्हा चाळिशीत होतो. आजीने आपल्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“सशाचं दार बघायला लोउनीहून आलात? घरी सगळं बरं आहे ना?”

तुम्ही म्हणालात, “आजी, त्यावरचा रंग बघायचाय.”

“रंग मीच लावते. दर वर्षी चुना मारते त्याला.”

तुम्ही नखाने चुना खरवडलात आणि खाली तो रंग निघाला. जर्मनांच्या कागदपत्रांत ज्याला धड रंगाचा क्रमांकसुद्धा सापडत नाही आणि ज्याच्यावरून निम्मा युरोप एकमेकांना पत्रं लिहितो, तो रंग तिथे चुन्याखाली झोपला होता. आपण दोघं सशांसमोर गुडघ्यांवर बसलो. आजी मागून म्हणाली, “चर्चमध्ये तरी एवढे वाकता का रे पोरांनो?”

पत्रा तिने दिला, पण दोन अटींवर. त्या जागी आपण नवा पत्रा ठोकून द्यायचा, आणि काम झालं की हा परत आणून द्यायचा. “सशांना त्याची सवय झालीय,” ती म्हणाली. आपण हो म्हटलं. मग तिच्या नवऱ्याची कातर घेऊन अंगणातच पत्रा मधोमध कापला, अर्धा तुमचा आणि अर्धा माझा. एका जागी कातर सटकली आणि कडेला अंगठ्याएवढा बाक आला. तुम्ही मला शिवी घातलीत. कातर माझ्या हातात होती हे मला मान्य आहे.

पुढे नोकऱ्या, संसार. तुकडे आपापल्या घरी पडून राहिले. निवृत्त झाल्यावर माझ्या गॅरेजात आपण छोट्या विमानांसाठी रंग बनवायला लागलो. ढवळायचो मी, बाटल्या विकायचात तुम्ही. त्या पोटाच्या रंगाची बाटली मी माझ्या तुकड्याशी जुळवून पाठवली, तर तुमचा फोन आला, “हे काय पाठवलंस? वाटाण्याचं सूप?” मी म्हटलं पत्रा बघ. तुम्ही म्हणालात पत्राच बघतोय. एकाच पत्र्याबद्दल दोघं बोलत होतो आणि आपापल्या तुकड्यापुरतं दोघांचंही खरं होतं, हे तेव्हा कोणाला सुचणार?

मग छोट्या विमानांचं ते प्रदर्शन. तुमचा तुकडा टेबलावर होता, स्वच्छ निळसर राखाडी. मी माझा ठेवला, तर तो हिरवट. सगळे गोळा झाले. मी म्हटलं, कड जुळवून बघू. तुम्ही तुमचा तुकडा पिशवीत टाकलात आणि म्हणालात, “कड काय, कोणीही कापू शकतं. तुम्ही तुकडा बदललात, व्रबासाहेब.”

कड जुळवायला तेव्हा नकार दिलात, आता तरी जुळवा. नाहीतर वाक्य काढा.

ओत्मार व्रबा


राकोव्हनीक, १७ एप्रिल

रादिम,

‘श्री. पेशेक’ आणि ‘तुम्ही’ लिहिताना फार दमायला होतं. ज्याच्याशी तीस वर्षं अरेतुरे केलं त्याला अहोजाहो करायचं म्हणजे घट्ट बूट घालून घरात फिरण्यासारखं आहे. त्या दिवशी तू ‘व्रबासाहेब’ म्हणालास ते मला ‘बदललात’पेक्षा जास्त लागलं होतं. पण मी आता तो बूट काढून ठेवतो. तुझा तू ठरव.

उत्तर नाही आलं. ब्लाझेना म्हणते, तू माझं पत्र संडासात नेऊन वाचलंस आणि खूप वेळ बाहेर आला नाहीस. ते पत्रामुळे की पोटामुळे, हे तिला सांगता येईना.

मला वेगळंच सांगायचंय. ईस्टरच्या आधी स्वयंपाकघराचं दार रंगवून दे म्हणून हेद्विका महिनाभर मागे लागली होती. पांढरं दार, तेलरंगाचं, त्यावर कित्येक वर्षं कॅलेंडर लटकतंय. दर जानेवारीत नवं येतं आणि त्याच खिळ्यावर टांगलं जातं. काल मी ते उतरवलं. खालचा चौकोन पिवळा होता, जुन्या लोण्यासारखा. आजूबाजूचं दार, जिथे रोज खिडकीचं ऊन येतं, ते पांढरं.

मी तिथे ब्रश घेऊन उभाच राहिलो. हेद्विका म्हणाली, “बघत काय बसलास? पिवळं आहे, म्हणूनच रंगवायचंय.”

मी कपाट ओढलं. कपाटामागची चौकटही पिवळी. न्हाणीघराच्या दाराची फटीतली बाजू, तीही पिवळी. हेद्विकाने विचारलं, “तुला बरं वाटतंय ना?”

तुझ्या लक्षात आलंय का बघ. माझा तुकडा आठवतो तुला? नाताळच्या बिस्किटांच्या डब्यात, कापसात, कपाटाच्या तळाशी. वर्षातून एकदा उघडायचो, तोही पडदे ओढून. आणि तुझा? तुझ्या टेबलावर, दक्षिणेच्या खिडकीत, वर कॉफीचा कप. किती बोललोय तुला त्या कपावरून! इतिहासावर कॉफी सांडतोस म्हणालो होतो. ऊन रंग खातं आणि अंधार रंग जपतो, हे आपल्यातला प्रत्येक जण देवाच्या नावासारखं घोकतो. संग्रहालयवाले घोकतात, मीही घोकलं. खऱ्या दारावर ते उलटं झालेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यावर मी दर महिन्याला कॅलेंडरचं पान उलटत होतो.

तेलातला रंग अंधारात पिवळा पडतो. आणि निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं ते तुला मी सांगायला नको.

मी अजून कशाचाच दावा करत नाही. दावे करून करून कंटाळलोय. तुकडा डब्यातून काढला आहे आणि बेडरूमच्या खिडकीत ठेवला आहे. निम्म्या भागावर पुठ्ठा बांधला आहे. बघू.

दार अजून रंगवलेलं नाही. हेद्विका माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

ओत्मार


राकोव्हनीक, २६ मे

रादिम,

पुठ्ठा अजून सोडलेला नाही. रोज हात शिवशिवतात, पण सोडत नाही. पाऊस फार झाला, ऊन कमी. म्हातारपणी माणूस नातवंडांची वाट बघतो, मी एका पत्र्याची बघतोय.

टेबलावर एक विमान पडून आहे, तुझ्या आवडीचं, लांब नाकाचं. वरून सगळं झालं. पंखांवरचे दोन हिरवे, बाजूचे ठिपके, सगळं. फक्त पोट राहिलंय. माझ्या हिरव्याची बाटली उघडतो, हुंगतो आणि बंद करतो.

काल बाबांची आठवण आली. आपण त्यांना रंग विचारला त्या दिवशी तूही होतास. जर्मनांनी त्यांना वेठीला धरून नेलं होतं, विमानाच्या कारखान्यात, रंग फवारायला. आपल्याला वाटलं, घरातच साक्षीदार आहे, अजून काय हवं! तू रंगांचे चौकोन स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडलेस, पत्ते मांडावेत तसे. बाबा बराच वेळ बघत राहिले. एकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग हात मागे घेतला.

“बाबा, यातला कुठला?” मी विचारलं.

“ओला,” ते म्हणाले.

तू समजावून विचारलंस, “म्हणजे हिरव्याकडे जाणारा की निळ्याकडे?”

“मुला, आम्ही दोनच रंग बघायचो. ओला आणि वाळलेला. ओल्याला बोट लागलं तर फोरमन मारायचा. पिंपात जे असेल ते फवारायचं, कमी पडलं की दुसऱ्या पिंपातलं ओतायचं. मी रंग कशाला बघू, मी घड्याळ बघायचो. दुपारी सूप मिळायचं.”

तू चौकोन गोळा केलेस. जाताना दारात मला म्हणालास, “साक्षीदार म्हणून उपयोग नाही.” मी हसलो होतो. काल ते आठवलं आणि हसू आलं नाही. फवारताना बाबांच्या पोटात काही नव्हतं आणि आपण त्यांना विमानाच्या पोटाचा रंग विचारत होतो. त्यांना राग आला नाही, याचंच आता वाईट वाटतं. आला असता तर चार शब्द बोलून मोकळे झाले असते.

कधीकधी वाटतं, या सगळ्यात पडायचंच कशाला? ज्यांनी ती विमानं उडवली त्यांच्याबद्दल मला प्रेम नाही, तुलाही नाही. शेपटीवरचं ते नाझी चिन्ह मी कधी लावत नाही. पण एकदा गोष्ट घडून गेली की ती कशी दिसत होती तेवढं तरी कोणीतरी बरोबर सांगावं, असं मला वाटत आलंय. मला दुसरं काही जमत नव्हतं, म्हणून मी हे घेतलं. तू शाळेतले नकाशे सोडून यात का आलास ते तू कधी सांगितलं नाहीस.

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

ओत्मार


राकोव्हनीक, १४ जुलै

रादिम,

पुठ्ठा आज सोडला. हेद्विकाला साक्षीदार म्हणून बोलावलं. ती चेरी धूत होती, ओल्या हातांनी आली.

“काय दिसतं?” मी विचारलं.

“दोन रंग.”

“कुठला कुठे?”

“झाकलेलं हिरवं आहे. उघडं निळं आहे.” मग ती थोडी जवळ गेली. “हे तर रादिमच्या तुकड्यासारखं दिसतंय.”

अजून पूर्ण तुझ्यासारखं नाही, पण त्याच वाटेने चाललंय. मधली रेघ पट्टीने मारल्यासारखी स्पष्ट आहे. कोणीही बघावी.

म्हणजे मी तुकडा बदलला नव्हता. तू म्हणालास तसा मी लबाड नाही. हे मला एप्रिलपासून माहीत होतं आणि आठ वर्षांपूर्वीही माहीत होतं, तरी आज ते डोळ्यांनी बघून मी पलंगावर बसलो आणि रडलो. लिहायला लाज वाटत नाही. हेद्विकाने माझ्या पाठीवर हात ठेवला, शर्टावर चेरीचे पाच डाग पडले.

संध्याकाळी दुसरी गोष्ट लक्षात आली. मी लबाड नाही, पण चूक मीच आहे. माझा हिरवा हा त्या विमानांचा हिरवा नाही, तो माझ्या बिस्किटांच्या डब्याचा हिरवा आहे. जपून जपून मी तो बिघडवला आणि त्याच्याशी जुळवून बाटल्या भरल्या. आज किती घरांत काचेच्या कपाटांत हिरव्या पोटाची विमानं उभी आहेत! पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत लोक माझा डबा रंगवून बसलेत. आणि तू, कॉफीचे कप ठेवणारा, निष्काळजी मास्तर, तू बरोबर. निदान माझ्यापेक्षा जास्त बरोबर.

मी हेद्विकाला म्हटलं, “इमान सिद्ध करायचं तर चूक कबूल करावी लागते.”

ती म्हणाली, “मग कर. एवढं काय त्यात? मी तुझ्याशी लग्न केलंय हे मी रोज कबूल करते.”

तेव्हा आता माझी विनंती बदलतो. वाक्य काढ, पण रंग तुझाच ठेव. मी भांडणार नाही.

ओत्मार


राकोव्हनीक, २९ सप्टेंबर

रादिम,

हॉप्सची तोडणी संपली असेल तुमच्याकडे. इथे सफरचंदं सडताहेत, वाकून उचलवत नाहीत.

छोट्या विमानांच्या क्लबला मी स्वतःच लिहून टाकलं. ‘माझा हिरवा चुकीचा होता, कारण असं असं,’ आणि सोबत मधल्या रेघेचा फोटो. वाटलं होतं खळबळ उडेल. एकाने आभार मानले. एकाने विचारलं की मग त्याच्या बारा विमानांची पोटं बदलून कोण देणार. एक जण म्हणतो, हिरवाच खरा, मी घाबरून माघार घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ माझा आणि पीळ दुसऱ्याचाच. गॅरेजातल्या उरलेल्या बाटल्यांची झाकणं उघडून ठेवली आहेत. वाळल्या की टाकून देईन.

कोणी मला लबाड म्हटलं नाही. कोणी मागे म्हटलं होतं हेही कोणाला आठवेना. रादिम, ते फक्त तुला आणि मला आठवतंय. म्हणून पुस्तिकेतलं ते वाक्य मला आता लोकांसाठी नकोसं नाही. ते तुझ्या हातचं आहे म्हणून नकोसं आहे.

तुझ्याबद्दल मिळते ती बातमी अशी. तू पुस्तिकेच्या त्या पानापाशी अडला आहेस. छापखान्यातून दोनदा फोन आला आणि दोन्हीदा तू ब्लाझेनाला ‘घरी नाहीत म्हणून सांग’ म्हणालास, फोनशेजारी बसून. वसंत ऋतूत तू तिचा बिस्किटांचा डबा पळवलास आणि कशाला ते सांगत नाहीस. कॉफी हल्ली स्वयंपाकघरात पितोस. “म्हातारा बिघडलाय,” ती हेद्विकाला म्हणाली. हेद्विका म्हणाली, “आमचा तर बिघडूनच आला होता.”

मी थकलोय. रागावून थकत नाही माणूस, राग धरून ठेवून थकतो, जसं कोणाची तरी जड पिशवी सांभाळत स्टेशनवर उभं राहावं आणि तो परत येऊच नये. लोउनीतल्या तुझ्या घरापासून माझं घर रेल्वेने तासाभराच्या वाटेवर आहे. आठ वर्षांत आपण दोघांनीही ते तिकीट काढलं नाही.

विमान अजून तसंच आहे. पोट उघडं.

ओत्मार


राकोव्हनीक, ३ नोव्हेंबर

रादिम, गाढवा,

काल पितरांच्या दिवशी कबरीवर दिवा लावायला जायचा मला कंटाळा आला होता. गुडघे, धुकं आणि झाटेत्सची गाडी बदलायची कटकट. मी हेद्विकाला म्हटलं, आईबाबांच्या कबरीवर जाऊन येतो, श्कोपकोवा आजीच्या कबरीचं पुढच्या वर्षी बघू. ती एकदम उसळली.

“पुढच्या वर्षी तू असशील का? आत्ताच्या आत्ता निघ. आणि तीनच्या आधी पोच.”

“तीनच्या आधी का?”

“अंधार पडतो म्हणून. वाद घालू नकोस.”

आजीला कोणी नाही, म्हणून आपण दोघं दर वर्षी तिच्या कबरीवर जायचो. भांडणानंतरही मी जात राहिलो आणि दर वेळी माझ्याआधी लाल काचेतली तुझी मेणबत्ती जळत असायची. मी माझी तिच्यापासून हातभर लांब लावायचो. तिच्या कबरीवरसुद्धा आपण शेजारी बसलो नाही.

काल तुझी मेणबत्ती होती आणि तिच्यामागे दगडाला टेकवून एक बिस्किटांचा डबा होता. आधी वाटलं, कोणीतरी आजीसाठी खाऊ ठेवलाय. झाकणावर खडूने ‘ओ’ लिहिलेलं बघितलं तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं. फाटकापाशी एक निळी गाडी वळत होती. हाक मारली, पण माझी हाक आता फार लांब जात नाही.

गुडघे टेकल्याशिवाय डबा उघडता येईना. चाळीस वर्षांचा नाही राहिलो मी, तरी टेकले. कापूस बाजूला केला. तुझा तुकडा. कॉफीच्या कपाचा गोल डागही तसाच, तो बघितल्यावर शंकेला जागाच नव्हती. आणि रंग हिरवा. वाटाण्याचं सूप.

म्हणजे एप्रिलमधलं माझं पत्र वाचून तू तुझा तुकडा डब्यात घातलास. मी लिहितोय त्यावर तू विश्वास ठेवणार नव्हतास, तुला स्वतः बघायचं होतं. मी माझा उन्हात ठेवला आणि तू तुझा अंधारात. उन्हाळाभर मी तुझ्या नावाने पत्रं लिहीत होतो आणि तू तोंडातून अक्षर न काढता ब्लाझेनाच्या डब्यात त्याचं उत्तर पिकवत होतास. मला वाटत होतं, पालथ्या घड्यावर पाणी.

तिथे त्या ओल्या गवतात बसून मी मोठ्याने हसलो. शेजारच्या कबरीवर फुलं लावणारी बाई माझ्याकडे बघून छातीवर क्रूसाची खूण करून गेली.

घरी येऊन दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. कड जुळली. जिथे कातर सटकली होती तो अंगठ्याएवढा बाक दुसऱ्या तुकड्यात बरोबर जाऊन बसला, जणू कालच कापला होता. डावीकडे निळा, उजवीकडे हिरवा. फक्त या वेळी निळा माझा आणि हिरवा तुझा. हेद्विका चष्मा लावून बघत राहिली.

“म्हणजे रंग अजून जुळत नाहीत?”

“नाहीत.”

“याच्यासाठी आठ वर्षं?”

मग ती म्हणाली, “ब्लाझेनाला फोन करून सांगते, मिळालं म्हणून.” तेव्हा कळलं की त्या दोघींनी हे सगळं ठरवलं होतं.

खरा रंग कुठला, हे आता मला माहीत नाही. ज्या दिवशी बाबांसारख्या कोणीतरी ते पिंप उपडं करून फवारलं त्या दिवशी तो कसा होता, ते ना माझ्या डब्यात शिल्लक आहे ना तुझ्या खिडकीत. तुझी खिडकीही रंग खात होती, माझा डबाही. कदाचित मधेच कुठेतरी असेल. मी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मधला रंग शोधायला बसलो, तर डोळ्यांना पाणी यायला लागलं. वय झालं की येतं.

ब्लाझेना म्हणाली, तू छापखान्याला फोन केलास आणि त्या पानाच्या जागी काहीच छापू नका म्हणून सांगितलंस. छापखानेवाला विचारत होता, कोरं पान का? तू म्हणालास, “अजून वाळलं नाही.” बाबांनी हे ऐकलं असतं तर हसले असते.

तुझा तुकडा मी पोस्टाने परत पाठवणार नाही. माझाही डब्यात जाणार नाही. दोन्ही एकाच जागी, एकाच उजेडात राहायला हवेत, तरच कधीतरी एकसारखे होतील. तोवर आपण असू की नाही कोण जाणे, पण सुरुवात तरी व्हावी. आजीचाही पत्रा आहे तो. एकदा जुळला की आपण दोघांनी मिळून तिच्याकडे नेऊन ठेवायचा असं मी तिला काल तिथेच सांगून आलोय. तिची दुसरी अट राहून गेली होती.

माझ्या खिडकीत की तुझ्या, यावर पत्रातून भांडण्याची माझ्यात ताकद नाही. तू ये. शनिवारी ये, हेद्विका बदक भाजणार आहे. विमान टेबलावर आहे, पोट अजून उघडं आहे, ते दोघांनी बसून रंगवू, तू निम्मं, मी निम्मं.

आणि तुझा कप पत्र्यावर ठेवलास तरी चालेल. कॉफी सांडू नकोस म्हणजे झालं.

ओत्मार